कातडीचा रंग आणि आयुष्याची दोरी

आयुष्याची दोरी बळकट असली तर माणूस डोंगराच्या कड्यावरून पडला तरी उठून बसतो, आणि ती तुटायचीच असली तर घरच्या उंबरठ्याला ठेच लागूनही जातो, असे आपली वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. ही दोरी कोण वळतो, याचे त्यांचे उत्तर ठरलेले होते: ज्याचे त्याचे दैव. डॉक्टरांना विचाराल तर ते सांगतील: प्रकृती, आहार आणि स्वच्छता. दोन्ही उत्तरे आपापल्या ठिकाणी ठीक आहेत. पण समजा, एकाच देशात, एकाच दिवशी दोन मुले जन्मास आली. एकाची कातडी गोरी, दुसऱ्याची काळी. आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत मरण्याचा संभव काळ्या मुलाला गोऱ्याच्या दुपटीहून अधिक असला, तर मग दैवाला कातडीचा रंग दिसतो, असे म्हणावयाचे काय?

समजा म्हटले खरे, परंतु ही कल्पना नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 2022 साली जन्मलेल्या दर हजार गोऱ्या मुलांमागे साडेचार मुले वर्षाच्या आत दगावली. दर हजार काळ्या मुलांमागे जवळजवळ अकरा. 2023 साली दर लाख जन्मांमागे गरोदरपणात किंवा बाळंतपणात मरण पावलेल्या गोऱ्या माता होत्या चौदा-पंधरा आणि काळ्या माता पन्नास. हा देश जगातील सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक आहे. तेथे औषधांची वाण नाही, यंत्रांची नाही, तज्ज्ञांचीही नाही. असे असून हा फरक का, हाच आजचा आपला विषय. (‘काळा’ हा शब्द मी येथे हिणवण्यासाठी वापरीत नाही. तेथल्या लोकांनीच तो आपल्या इंग्रजी बोलीत अभिमानाने स्वीकारलेला आहे.)

या प्रश्नाला आजवर तीन प्रकारची उत्तरे देण्यात आली. पहिले: काळ्यांचे रक्तच निराळे, शरीरच दुबळे. दुसरे: ते गरीब आहेत म्हणून आजारी पडतात. तिसरे: समाज त्यांच्याशी जसा वागतो त्या वागणुकीनेच ते आजारी पडतात. आपण ही उत्तरे एकेक करून तपासून पाहू.

पहिले उत्तर सर्वांत जुने आणि देणाऱ्याच्या सर्वांत सोयीचे. 1851 साली दक्षिणेतील सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने एक नवाच रोग शोधून काढला. गुलाम मालकाला सोडून पळून जातो, याचे कारण म्हणे त्याला एक मानसिक विकार जडलेला असतो! त्याने त्या विकाराला भारदस्त ग्रीक नावही दिले. आता पहा, पिंजऱ्याचे दार उघडे सापडताच पाखरू उडाले, तर रोग पाखराला झाला की पिंजरा करणाराला? याच गृहस्थाने काळ्यांच्या फुप्फुसांत हवा कमी मावते असे मोजून दाखविले आणि त्यावरून निष्कर्ष काढला की शेतातली सक्तीची मेहनत त्यांच्या प्रकृतीला हितकारकच आहे. तुम्हांला हे हास्यास्पद वाटेल. परंतु श्वास मोजण्याच्या यंत्रात काळ्या माणसाचे माप वेगळ्या हिशेबाने धरण्याची पद्धत त्यानंतर पावणेदोनशे वर्षांच्या जवळपास टिकून राहिली. रंग वगळून एकच हिशेब सर्वांना लावावा, अशी शिफारस अमेरिकेतील श्वसनरोगतज्ज्ञांच्या संस्थेने केली ती 2023 साली.

गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपली. पण हे रक्ताचे शास्त्र संपले नाही. 1896 साली फ्रेडरिक हॉफमन या आकडेशास्त्रज्ञाने एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो एका मोठ्या विमा कंपनीत नोकरीला होता. काळे लोक मरतात फार, याचे कारण परिस्थिती नसून वंश आहे, आणि हा समाज हळूहळू नामशेष होणार आहे, असे त्याने कोष्टकांवर कोष्टके मांडून सांगितले. पुस्तक विमा कंपनीतून आले होते, हे विसरू नका. जो समाज रक्तानेच मरणोन्मुख आहे त्याचा विमा उतरावयाचा कशाला? घरचा कर्ता गेल्यावर बायकामुलांना जो चार पैशांचा आधार मिळावयाचा, तोही या ‘शास्त्रा’ने हिरावून घेतला.

या ग्रंथाला उत्तर देणारा माणूस त्याच वर्षी कामाला लागला होता. त्याचे नाव डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. हा काळा विद्वान हार्वर्डचा पदवीधर, बर्लिनमध्ये शिकून आलेला. फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात काळ्यांची दाट वस्ती होती. तेथे तो बायकोसह राहावयास गेला आणि घरोघर हिंडून त्याने चौकशी केली: घरात माणसे किती, खोल्या किती, संडास आहे की नाही, धंदा कोणता, मिळकत काय, कोण कशाने मेले. या पाहणीचा ग्रंथ 1899 साली प्रसिद्ध झाला. समाजशास्त्राचे आम्ही शिक्षक आजही तो विद्यार्थ्यांच्या हाती देतो. त्यात डु बॉइसने मृत्यूचे आकडे वॉर्डावार मांडले. शहरातील सर्वांत गलिच्छ काळी वस्ती पाचव्या वॉर्डात होती. तेथे मृत्यू भयंकर. तिसाव्या वॉर्डात काही बऱ्या स्थितीतील काळी कुटुंबे नुकतीच राहावयास गेली होती. तेथे घरे चांगली, रस्ते स्वच्छ. आणि मृत्यूचे प्रमाणही पुष्कळच कमी. रक्त दोन्हीकडे एकच. फरक होता तो घरांचा आणि गटारांचा!

याच वर्षी या विद्वानावर एक घाला पडला. तो तेव्हा दक्षिणेत अटलांटा शहरी प्राध्यापक होता. त्याचा एकुलता मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने आजारी पडला आणि मे 1899 मध्ये गेला. मूल दोन वर्षांचेही झाले नव्हते. त्या शहरात गोरे डॉक्टर काळ्या रुग्णाला हात लावीत नसत आणि काळे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचे मृत्यू मोजले, त्याच्या स्वतःच्या घरचा एक मृत्यू त्या आकड्यांत जाऊन बसला.

‘रक्ता’च्या मताचा निकाल लावणारा आणखी एक पुरावा अलीकडचा आहे, आणि तो इतका साधा आहे की शाळेतल्या मुलालाही समजावा. काळ्या बायकांची मुले जन्मतः वजनाने कमी भरतात, हे अमेरिकेत पूर्वीपासून माहीत होते. कमी वजन म्हणजे जिवाला धोका. हे जर वंशामुळे होत असेल, तर आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या बायकांची मुले सर्वांत हलकी असावयास हवीत; कारण अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या काळ्या कुटुंबांत गोऱ्या रक्ताचीही थोडीबहुत सरमिसळ झालेली आहे. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातील जन्मांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि आपले निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध केले. गोऱ्या अमेरिकन मातांच्या मुलांचे सरासरी वजन 3446 ग्रॅम. आफ्रिकेत जन्मलेल्या काळ्या मातांच्या मुलांचे 3333 ग्रॅम. म्हणजे गोऱ्यांच्या पुष्कळच जवळ. आणि अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या मातांच्या मुलांचे 3089 ग्रॅम! पुढे त्यांनी या आफ्रिकेहून आलेल्या बायकांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलींची बाळंतपणे तपासली. पाहतात तो, नातवंडांचे वजन वाढण्याऐवजी उतरू लागलेले. गोऱ्या स्थलांतरितांत नेमके याच्या उलट घडते. त्यांची पुढची पिढी वजनाने सुधारते. वंश एका पिढीत बदलत नाही. बदलला तो देश.

रक्तदाबाचीही तीच गोष्ट. 1997 सालीच प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, एकाच पश्चिम आफ्रिकी मुळाच्या लोकांपैकी नायजेरिया व कॅमेरून येथील प्रौढांत शंभरांत 16 जणांना, वेस्ट इंडीजमधील बेटांवर 26 जणांना आणि अमेरिकेत शिकागोजवळ 33 जणांना वाढीव रक्तदाब आढळला. तेव्हा पहिले उत्तर आपण येथेच रजेवर पाठवू.

आता दुसरे उत्तर, गरिबीचे. हे पुष्कळ अंशी खरे आहे. पोटाला पुरेसे नाही, घर ओलसर, औषधाला पैसे नाहीत, अशा ठिकाणी रोगाचे फावणारच. परंतु मग पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: काळा माणूस गरीब का राहिला? आणि पैसा हाती आल्यावरही तो त्याच वस्तीत का राहिला?

अमेरिकेत सामान्य माणसाची मोठी मालमत्ता म्हणजे त्याचे राहते घर. 1933 मध्ये, मोठ्या मंदीच्या काळात, घरकर्जाला आधार देण्यासाठी सरकारने एक महामंडळ काढले. त्या महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले आणि वस्त्यांना चार प्रती लावल्या. सर्वांत खालच्या प्रतीची वस्ती नकाशावर लाल रंगाने रंगवीत. इमारती जुन्या, हे लाल रंगाचे एक कारण. वस्तीत काळे लोक राहतात, हे दुसरे. लाल वस्तीत पैसा घालणे धोक्याचे, असा शिक्का एकदा बसला की तेथे घराला कर्ज मिळणे दुरापास्त. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून भाव नाही, भाव नाही म्हणून कराचे उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून बाग नाही, झाडे नाहीत, चांगली शाळा नाही. गोऱ्या वस्तीत घर घ्यावे तर तेथील खरेदीखतांतच काळ्याला विकावयाचे नाही अशी अट. कर्जातला हा भेदभाव 1968 च्या कायद्याने बंद झाला. परंतु नकाशाचा रंग जमिनीवर उतरला तो उतरलाच. 2020 साली 108 शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसून आले की एके काळी लाल रंगविलेल्या वस्त्या त्याच शहरातील उत्तम प्रतीच्या वस्त्यांपेक्षा उन्हाळ्यात सरासरी अडीच अंश सेल्सिअसहून अधिक तापतात. झाड नाही, डांबर फार, मोठे रस्ते वस्तीच्या पोटातून गेलेले. विदर्भातला उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना अडीच अंश म्हणजे काय हे सांगावयास नको. म्हातारी माणसे आणि दम्याचे रोगी यांच्या दृष्टीने तो जगण्यामरण्यातला फरक ठरू शकतो.

पाण्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे गाव आहे. मोटारींच्या कारखान्यांवर ते वाढले आणि कारखाने बसले तसे तेही बसले. निम्म्याहून अधिक लोक काळे. नगरपालिका डबघाईला आली म्हणून राज्य सरकारने तेथे आपला प्रशासक नेमला होता. पैसे वाचविण्यासाठी एप्रिल 2014 मध्ये गावाचा पाणीपुरवठा मोठ्या सरोवराऐवजी फ्लिंट नदीतून सुरू करण्यात आला. नळ गंजू नयेत म्हणून पाण्यात जे द्रव्य मिसळावयाचे असते ते मिसळले गेले नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. लोक बाटल्यांत लालसर पाणी भरून सभांना घेऊन जात आणि अधिकारी त्यांना सांगत, पाणी ठीक आहे. पुढची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये गावातल्या मोटारींच्या कारखान्याने हे पाणी घेणे बंद केले. कारण त्याने एंजिनाचे भाग गंजत होते! माणसांना मात्र तेच पाणी आणखी एक वर्ष प्यावे लागले. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सप्टेंबर 2015 मध्ये मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडे जाहीरपणे मांडले, तेव्हा कुठे चक्रे हलली. लहान मुलाच्या मेंदूवर शिशाचा जो परिणाम होतो तो कोणत्याही औषधाने पुसता येत नाही. राज्याच्या नागरी हक्क आयोगाने 2017 च्या अहवालात या प्रकरणाची मुळे गावाच्या वर्णभेदाच्या इतिहासात आहेत, असे नमूद केले. एंजिनाला धनी होता. त्या मुलांच्या आईबापांचे कोणी ऐकत नव्हते.

म्हणजे गरिबी हेही येथे कारण नसून कार्य ठरते. तरीसुद्धा एक गोष्ट उरतेच. शिकलेल्या, चांगली नोकरी असलेल्या, पैसा गाठीला असलेल्या काळ्या बायकांचे काय? तेथील आकडे असे सांगतात की पदवीधर काळ्या मातेचे मूल दगावण्याचा संभव माध्यमिक शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या मातेच्या मुलापेक्षा अधिक आहे. येथे गरिबीचे उत्तर अडखळते आणि आपण तिसऱ्या उत्तराकडे येतो.

आर्लिन जेरोनिमस या विदुषीने 1992 साली यावर एक विचार मांडला. ऊन, वारा, पाऊस यांनी दगडही झिजतो, तसे सततच्या अवहेलनेने, संशयाने आणि सावधपणाने शरीर झिजते, असे तिचे म्हणणे. दुकानात शिरताच पाठीवर नजर. रस्त्यावर पोलिसाची गाडी हळू झाली की छातीत धडधड. कचेरीत दुप्पट काम करून निम्मी शाबासकी. मुलगा संध्याकाळी घरी वेळेवर येईल ना ही काळजी. यातला एकेक प्रसंग लहानसा; पण संकटाची चाहूल लागली की रक्तात जी द्रव्ये सुटतात ती वाघापासून पळण्यासाठी निसर्गाने दिलेली आहेत. वाघ गेला की ती ओसरली पाहिजेत. येथे वाघ जातच नाही. तो रोज दाराशी बसलेला. मग रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडे वयाआधी म्हातारी होतात. विशीतल्या बाईचे शरीर तिशीचे होते आणि तिशीचे चाळिशीचे.

शर्मन जेम्स या काळ्या संशोधकाने याच गोष्टीची दुसरी बाजू दाखविली. अमेरिकेतील मजुरांत जॉन हेन्रीची दंतकथा आहे. रेल्वेच्या बोगद्यात दगड फोडणारा हा काळा मजूर वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, घणाचे घाव घालीत यंत्राला हरवितो आणि जिंकता जिंकताच कोसळून मरतो. प्रतिकूल समाजात, हाती साधने थोडी असताना, ‘मी हरणार नाही’ म्हणून जे जिवाचे रान करतात त्यांचा रक्तदाब वाढतो, असे जेम्सना दिसले, आणि त्यांनी या वृत्तीला जॉन हेन्रीचेच नाव दिले. कष्टाळूपणा हा गुण खरा. परंतु ज्या समाजात त्या गुणाची किंमत काळजाने मोजावी लागते, त्या समाजाने स्वतःची तपासणी करून घेतलेली बरी.

वर्णद्वेषाचा सर्वांत काळाकुट्ट अध्याय मात्र रोगाचा नाही, तो औषधाचा आहे. अलाबामा राज्यातील मॅकन परगण्यात टस्कीगी नावाचे गाव आहे. 1932 साली सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने तेथील सहाशे काळे पुरुष निवडले. बहुतेक दुसऱ्यांच्या जमिनी कसणारे गरीब शेतकरी. त्यांपैकी 399 जणांना उपदंश झालेला होता, 201 जणांना नव्हता. रोग्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. ‘तुमचे रक्त दूषित आहे’ एवढेच सांगितले. मोफत तपासणी, तपासणीच्या दिवशी जेवण आणि मेल्यावर मूठमातीचा खर्च, हे आमिष. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढले, तेही ‘खास मोफत उपचार’ म्हणून! औषध द्यावयाचे नाही, रोग शेवटपर्यंत कसा वाढतो ते पाहावयाचे आणि मेल्यावर प्रेताची चिरफाड करून लिहून ठेवावयाचे, असा हा प्रयोग. 1947 च्या सुमारास पेनिसिलिन हे उपदंशावरचे रामबाण औषध म्हणून सर्वत्र रूढ झाले. ते या माणसांना दिले नाही. इतकेच नव्हे तर दुसरीकडून मिळू नये अशीही व्यवस्था केली. हे चाळीस वर्षे चालले. खात्यातील पीटर बक्सटन या तरुण नोकराने वरिष्ठांकडे तक्रारी करून पाहिल्या; शेवटी त्याने कागद एका वार्ताहराकडे दिले आणि जुलै 1972 मध्ये बातमी फुटली. प्रयोग थांबला. माणसांवरील प्रयोगांचे आजचे नियम, रुग्णाला सर्व समजावून त्याची संमती घेण्याचे बंधन, यांना यातूनच जोराची चालना मिळाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली ती 1997 च्या मे महिन्यात. तोवर त्या सहाशेंपैकी आठ जणच हयात होते.

क्षमा मागितली, पण उडालेला विश्वास कोठून आणावयाचा? दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 2018 साली हिशेब करून दाखविला की ही बातमी फुटल्यानंतर काळ्या पुरुषांचे दवाखान्यात जाणे कमी झाले आणि पंचेचाळिशीच्या काळ्या पुरुषाचे उरलेले आयुष्य त्यापायी दीड वर्षापर्यंत घटले. ज्यांना टस्कीगी कोठे आहे हेही ठाऊक नव्हते, असेही लोक त्यांत होते. तेव्हा एखादा समाज लस घेत नाही, डॉक्टरकडे जात नाही, म्हणून त्याला अडाणी ठरविण्यापूर्वी, पूर्वी कधी त्याने विश्वास टाकला होता आणि त्याचे काय झाले, एवढे जरूर विचारावे.

तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टी झाल्या. आता यंत्रे आली, यंत्राला काय रंग? तर करोनाच्या साथीत बोटाला लावावयाचा तो चिमटा, ऑक्सिमीटर, आपल्याकडेही घरोघर आला होता. तो उजेड कातडीतून आरपार पाठवून रक्तातील प्राणवायू अजमावतो. 2020 साली अमेरिकेत असे आढळून आले की यंत्र ‘ठीक आहे’ म्हणत असताना प्रत्यक्षात प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरलेला असणे हे गोऱ्यांपेक्षा काळ्या रुग्णांत सुमारे तिप्पट वेळा घडते. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. ते पारखून घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः गोरी बोटे होती, एवढेच. मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या सूत्रातही काळ्या रुग्णासाठी एक जादा गुणक असे. त्यामुळे त्याचे मूत्रपिंड कागदावर अधिक निरोगी दिसे आणि नव्या मूत्रपिंडाच्या रांगेत त्याचा नंबर उशिरा लागे. तो गुणक वगळण्याची शिफारस 2021 मध्ये झाली.

हे सर्व वाचून मन खिन्न होते खरे. परंतु याला एक उजळ बाजू आहे, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. रोग जर रक्तात असता तर हात टेकावे लागले असते. तो माणसांनी केलेल्या व्यवस्थेत आहे, म्हणून माणसांना तो बरा करता येतो. आणि केलेलाही आहे. 1946 च्या एका कायद्याने सरकारी पैशातून गोऱ्यांची आणि काळ्यांची वेगवेगळी रुग्णालये बांधण्यास मुभा होती. काही काळ्या डॉक्टरांनी, दंतवैद्यांनी आणि रुग्णांनी उत्तर कॅरोलिनात त्याविरुद्ध दावा लावला आणि 1963 साली तो जिंकला. 1965 मध्ये वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविमा आला. भेदभाव करणाऱ्या रुग्णालयाला त्यातली दमडी मिळणार नाही, अशी अट घातली गेली. शंभर वर्षे जे उपदेशाने झाले नाही ते या अटीने झाले. 1966 साली तीन-चार महिन्यांत सुमारे हजार रुग्णालयांनी आपले दुजाभावाचे पडदे काढले. आणि परिणाम? दक्षिणेत, विशेषतः मिसिसिपीच्या खेड्यांत, हगवण आणि न्यूमोनिया यांनी मरणाऱ्या काळ्या अर्भकांची संख्या पुढच्या पाच-सहा वर्षांत झपाट्याने खाली आली. हगवण झालेल्या पोराला वेळेवर सलाइन मिळाले की ते जगते, मग त्याची कातडी कोणत्याही रंगाची असो.

त्याच मिसिसिपीत माउंड बायू गावी डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली एक आरोग्यकेंद्र उघडले. ही पद्धत ते दक्षिण आफ्रिकेतील पोलेला येथे, सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याच्या केंद्रात शिकले होते. माउंड बायूला येणारी मुले भुकेने आजारी होती. तेव्हा या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, मांस, भाजी, फळे लिहून दिली. वाणी माल देई आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर पडे. वरून विचारणा आली, तेव्हा त्यांनी कळविले की भुकेवर अन्न हेच औषध आहे. पुढे केंद्राने विहिरी घेतल्या, संडास बांधले, आणि गावकऱ्यांनी सहकारी शेती उभी केली.

आता आपल्याकडे वळू. कारण हा दुसऱ्याच्या घरचा तमाशा म्हणून पाहण्याचा विषय नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करून. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि 1946 मध्ये त्यांनी याच डु बॉइसना पत्र लिहून काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागविली. या दोघांनाही ते दुखणे ओळखीचे वाटले होते. महाडच्या तळ्याचा 1927 चा सत्याग्रह मानाचा होता, तसाच तो पाण्याचाही होता. आणि पाणी म्हणजेच आरोग्य. आपल्या संसदेने 1955 साली अस्पृश्यतेविरुद्ध जो कायदा केला, त्यात देवळे आणि पाणवठे यांच्याबरोबर रुग्णालये आणि दवाखाने यांचाही स्पष्ट उल्लेख करावा लागला. तो का करावा लागला, हे ज्याचे त्याने ताडावे. जात आणि वर्ण एकच नव्हेत. पण माणसाला जन्मावरून तोलण्याचा तराजू दोन्हीकडे सारखाच.

तेव्हा तुमच्या गावाचा नकाशा एकदा मनाशी उघडून पहा. नळ शेवटी कोणत्या वस्तीला आला? उकिरडा कोणाच्या दाराशी? गटारात कोण उतरते आणि कोणाच्या पोटचे पोर त्यापायी पोरके होते? आरोग्यसेविकेची फेरी कोणत्या गल्लीच्या तोंडाशी थांबते? पाड्यावरचे मूल मेले तर ‘त्यांच्यात असेच चालते’ असे कोण म्हणते? यांची उत्तरे शोधावयास विद्यापीठात जाण्याची गरज नाही. डु बॉइस गेला तसे घरोघर जावे लागते आणि ऐकावे लागते, इतकेच. आणि मग, कोणी ‘त्यांचे रक्तच तसे’ म्हणाला, तर त्याला पाचव्या आणि तिसाव्या वॉर्डाची गोष्ट तुम्ही सांगू शकाल.